सासूबाईंची बस आणि माझा विभाग

एक किलो म्हणजे एक किलो, ही गोष्ट मला कुणी शिकवावी लागत नाही. मी वजन व मापे विभागात निरीक्षक आहे. बाजारातले काटे तपासतो, खरे असतील तर त्यांवर शिक्का मारतो, खोटे असतील तर उचलून आणतो. सव्वीस वर्षांत दुकानदारांनी मला बरंच काही म्हटलं, पण माझ्या शिक्क्याला कुणी नावं ठेवली नाहीत. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझी अब्रू ज्या पद्धतीनं गेली, ती पाहता हे नंतर सांगायची सोय राहणार नाही.

प्रकरण सुरू झालं सासूबाईंच्या उजव्या खांद्यापासून.

सासूबाईंनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली. चौदा नंबर. शेवटची बारा वर्षं तर कंडक्टर बंद झाल्यामुळे तिकिटंही त्याच देत. निवृत्त झाल्या, आमच्याकडे राहायला आल्या आणि चार महिन्यांत त्यांचा खांदा आखडला. हात वर जाईना. केस विंचरायला मुलगी लागायची, आणि मुलीकडून केस विंचरून घेणं हा त्यांना पदावनतीचाच प्रकार वाटायचा. फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिले: भिंतीवर बोटं चढवा, टॉवेल ओढा, काठी फिरवा. सासूबाईंनी दोन दिवस केले आणि सोडले.

"भिंतीवर बोटं चढवून कुठे पोचणार मी?" त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हुशार. त्यांच्याकडे कोपऱ्यात एक खेळण्याचं स्टिअरिंग पडलं होतं, कॉम्प्युटरला जोडायचं. त्यांनी ते सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. सासूबाईंनी ते हातात घेतलं, जरा तिरकं करून पाहिलं, आणि डावीकडे एक पूर्ण वळण घेतलं. खांदा आखडल्यापासून पहिल्यांदाच हात इतका वर गेला होता.

"बस चालवायचा व्हिडिओ गेम मिळतो," डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "रोज अर्धा तास चालवू द्या. दोन महिन्यांत हात कानाच्या वर गेला तर ठीक. नाही तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

स्टिअरिंग आम्ही जुनंच विकत घेतलं. गेम इंटरनेटवरच्या दुकानातून घ्यायचा होता. मी दुकान उघडलं, भाषा मराठी निवडली (मी सगळीकडे निवडतो, मग काहीही समजलं नाही तरी चालेल) आणि किंमत पाहिली. आमच्या पैशांत तीन हजार सहाशे. त्यासोबत एका मार्गाचा नमुना चौदा दिवस फुकट होता. तो उतरवून घेतला आणि विकत घ्यायचं बटण दाबणार, एवढ्यात तज्ज्ञ आले.

तज्ज्ञ आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. व्यवसायानं लिफ्ट दुरुस्त करतात, पण लिफ्ट सोडून जगातल्या प्रत्येक विषयावर त्यांचा सल्ला तयार असतो. आमच्या इमारतीची लिफ्ट आठ महिने बंद आहे.

"थांबा!" तज्ज्ञ म्हणाले. "किती? तीन हजार सहाशे? अहो, हाच गेम नदीपलीकडे बाराशेला आहे. माझा मावसभाऊ राहतो ना तिकडे."

नदीपलीकडे शेजारचा देश आहे. चलन वेगळं, बाकी पगारपाणी आमच्यासारखंच. तज्ज्ञांनी मला त्यांच्या फोनवर किंमत दाखवली. तोच गेम, तीच बस, पण तिप्पट फरक.  काट्यात किलोमागे पाच ग्रॅमचा फरक निघाला तर मी माणसाला दुकान बंद करायला लावतो. इथे एक किलोचे तीन किलो घेत होते आणि वर 'खरेदीबद्दल धन्यवाद' म्हणायची तयारी होती.

"घेऊन टाक ना," बायको म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे देशादेशांतले फरक तिला मुळातच मान्य असतात. "आईच्या खांद्यापुढे दोन हजारांचं काय?"

"प्रश्न दोन हजारांचा नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा बोललो आहे आणि प्रत्येक वेळी त्यानंतर दोन हजारांहून जास्त गेले आहेत.

तज्ज्ञांनी मार्ग सुचवला. मावसभावानं तिकडून गेम घ्यायचा, त्याचा कोड आम्हाला पाठवायचा, आम्ही तो इकडे टाकायचा. मावसभावानं बाराशे घेतले, दोनशे तसदीचे घेतले आणि कोड पाठवला. मी टाकला. पडद्यावर उमटलं: "हा कोड आपल्या विभागात चालत नाही."

"विभागात?" मी चमकलो. माझा विभाग यांना कसा कळला?

तेवढ्यात सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळं सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, तो त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही चढवला नसावा, गरजच पडली नसावी.

"म्हणजे दुसऱ्याच्या पासवर प्रवास," त्या म्हणाल्या. "जावईबापू, मी माझ्या बसमध्ये कुणाला बिनतिकीट नेलं नाही. आता म्हातारपणी मी स्वतः बिनतिकीट बसू?"

'जावईबापू' हा शब्द त्या मी चुकलो की वापरतात. एरवी मी नुसता 'अहो' असतो.

"मग तीन हजार सहाशे देऊन घेतो, आई."

"तेही नाही. जास्त भाडं द्यायचं नाही, कमी भाडं द्यायचं नाही. बरोबर असेल तेवढं द्यायचं. ते किती आहे ते आधी शोधा."

या बाईंचा मला राग यायला हवा होता. खांदा त्यांचा, ऑपरेशन त्यांचं, आणि अट आमच्यावर. पण खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्यांच्यावर शिक्का मारावासा वाटला. इतका खरा काटा मी बाजारात पाहिलेला नाही.

म्हणून मी दुकानाच्या मदत कक्षाशी लेखी संवाद साधला. तो संवाद माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. ठेवावा लागला, पुढे कार्यालयात सादर करायचा होता.

मदत कक्षानं विचारलं, "नमस्कार! आपला विभाग कोणता?"

मी लिहिलं, "वजन व मापे विभाग, दक्षिण मंडळ."

आता यात माझं काय चुकलं ते सांगा. विभाग कोणता म्हटल्यावर सरकारी माणूस काय लिहील? त्यांना 'कोणत्या प्रदेशात राहता' असं विचारायचं होतं, हे मला बायकोनं नंतर सांगितलं, आणि तेही हसून हसून पोट धरून बसल्यानंतर सांगितलं.

 मग पलीकडून आलं, "कृपया आपल्या विभागाची तक्रार सांगावी."

मी लिहिलं, "एकाच मालाच्या दोन ठिकाणी दोन किमती आकारल्या जात असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी त्याबाबत खुलासा व्हावा." मी असंच लिहितो. बायकोला भाजीची यादीही मी 'सबब खालीलप्रमाणे' असं लिहूनच देतो.

यावर समोरचा माणूस एकदम नम्र झाला. वरिष्ठांना कळवतो म्हणाला. मग वरिष्ठच आले. त्यांनी माझं पद विचारलं, कार्यालयाचा पत्ता विचारला. मला वाटलं, गेम पार्सलनं पाठवतायत. दिवसा घरी सासूबाई एकट्याच, आणि दाराची वरची कडी त्यांच्या खांद्याला झेपत नाही, म्हणून मी आनंदानं कार्यालयाचा पत्ता दिला आणि वर 'दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी' हेही कळवलं.

इकडे सासूबाईंनी नमुना चालवायला घेतला होता. एकच मार्ग, सहा थांबे, वीस मिनिटं. मला वाटलं, बाई रमल्या. मी पाहिलं तर मांडीवर वही. प्रत्येक फेरीनंतर बस थांबवून त्या काहीतरी टिपत होत्या.

"काय लिहिताय, आई?"

"चुका," त्या म्हणाल्या. "दार पूर्ण उघडायच्या आत माणसं चढतात. एखाद्याचा हात अडकायचा. हा आरसा बघा, यात विजेचा खांब दिसतो. मागे खांबच नाहीये. आणि इतक्या गर्दीत एकही माणूस दारात उभा नाही. अशी बस मी पाहिली नाही कधी. ड्रायव्हरला एकदा तरी 'आत सरका' म्हणता आलं पाहिजे."

चौदा दिवसांत सव्वीस चुका निघाल्या. सत्ताविसावी त्यांनी वेगळ्या पानावर लिहिली, आणि मला जवळ बसवून समजावून सांगितली. मी ती जशीच्या तशी सांगतो, कारण सव्वीस वर्षं वजनं तपासून जे मला कळलं नाही ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं.

"किंमत वेगळी असणं हा अन्याय नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे विद्यार्थ्याला अर्धं तिकीट, म्हाताऱ्याला पाव. ज्याला जेवढं झेपतं तेवढं. गरीब देशात गेम स्वस्त असला तर काही बिघडत नाही. पण नदीपलीकडचे आपल्यासारखेच. मग फरक कसला? हे बघा, मी सुनबाईच्या बहिणीला फोन करून सहा देशांचे भाव लिहून घेतले." सुनबाईची बहीण म्हणजे माझ्या मेव्हण्याची मेव्हणी. ती जहाजाच्या कंपनीत आहे आणि तिच्या ओळखी सगळीकडे. "सगळीकडचा भाव तिथल्या पगाराला बसतो. फक्त आपल्याकडचा बसत नाही. आपल्या चलनाचा पाच वर्षांपूर्वीचा दर धरला तर मात्र बसतो. आपलं चलन तेव्हापासून घसरत गेलं आणि दुकानानं परदेशी चलनातला भाव तोच ठेवून इथला आकडा वाढवत नेला. नदीपलीकडचा मात्र तपासला. आपला टप्पा कुणी तपासलाच नाही. टप्पा-पत्रक जुनं आहे, बाकी काही नाही. कुणी चोर नाही यात."

टप्पा-पत्रक म्हणजे कुठल्या थांब्यापासून कुठल्या थांब्यापर्यंत किती भाडं, त्याचा तक्ता. बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर लावलेला असतो. मी त्याखाली आयुष्यभर उभा राहिलो, पण कधी वाचला नाही.

पंधराव्या दिवशी नमुना बंद पडला. पडद्यावर 'पुढील प्रवासासाठी खरेदी करा' एवढंच. मी हळूच म्हणालो, आई, घेऊन टाकू. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आलो तर त्या काळ्या पडद्यासमोर स्टिअरिंग धरून बसल्या होत्या आणि चौदा नंबरचे थांबे एकेक करून तोंडानं म्हणत होत्या: "पाण्याची टाकी. कापड बाजार. जुनं पोस्ट." प्रत्येक वळण हातानं घेत होत्या. पोस्टाच्या चौकात उजवीकडे वळताना खांदा दुखला, चेहऱ्यावर दिसलं, पण वळण पूर्ण घेतलं. बायको मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. मीही बसलो. आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. उतरताना बायकोनं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाली.

त्याच आठवड्यात कार्यालयात पाकीट आलं. जाड, लाखेचा शिक्का मारलेलं. माझं पार्सल समजून मी हात पुढे केला, पण ते साहेबांच्या नावे होतं. दहा मिनिटांनी साहेबांनी आत बोलावलं. समोर हेडक्लार्क उभे होते, त्यांच्या हातात नवी कोरी फाइल होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"तुम्ही परदेशी कंपनीची चौकशी सुरू केलीत?" साहेब म्हणाले.

"नाही हो, साहेब. सासूबाईंचा खांदा आहे."

साहेबांनी पत्र वाचून दाखवलं. दुकानाच्या वकिलांनी लिहिलं होतं की आपल्या विभागाच्या चौकशीस पूर्ण सहकार्य करण्यास आम्ही तयार आहोत, मात्र सदर गेम वजनात कमी भरला की मापात, ते कृपया कळवावं.

"जावक क्रमांक?" हेडक्लार्कांनी मला विचारलं. त्यांच्या दृष्टीनं खरा गुन्हा हाच होता. "जावक क्रमांकाशिवाय चौकशी केलीत तुम्ही. आणि ही फाइल मी कशाखाली लावू? घन, द्रव, की कापड?"

"वजन किती आहे गेमचं?" साहेबांनी विचारलं.

"काहीच नाही, साहेब."

"म्हणजे शून्य वजनाच्या मालाची चौकशी. लेखी खुलासा द्या. उद्या."

मी रात्रभर तळमळेन असं वाटलं होतं, पण अपमान एवढा मोठा होता की गाढ झोप लागली. सकाळी सासूबाई चहाच्या वेळेलाच तयार होऊन बसल्या होत्या. पायात डेपोचे जुने काळे बूट, हातात वही.

"मी येते," त्या म्हणाल्या.

"आई, कार्यालय आहे ते."

"चुकीच्या थांब्यावर मी तुम्हाला उतरवलं. परत घ्यायला मीच यायला पाहिजे."

साहेबांच्या खोलीत त्या शिरल्या आणि साहेब वर न बघताच म्हणाले, "बसा." मग वर बघितलं आणि उभेच राहिले.

"चौदा नंबर!" साहेब म्हणाले.

"कापड बाजारचा थांबा," सासूबाई म्हणाल्या. "तपकिरी बॅग. रोज तीन मिनिटं उशीर. आरशात धावत येताना दिसायचात."

"मला वाटायचं, माझं नशीब चांगलं आहे म्हणून बस मिळते."

"नशीब नाही. मी थांबायचे."

साहेब हळूच खाली बसले. अकरा वर्षं हा माणूस वेळेवर कार्यालयात येतो म्हणून आम्हा सगळ्यांना बोल लावत होता. हेडक्लार्कांनी फाइल तोंडासमोर धरली, ते हसत होते की काय ते दिसलं नाही.

मग सासूबाईंनी वही उघडली आणि टप्पा-पत्रकाचं सगळं प्रकरण सांगितलं, सहा देशांच्या आकड्यांसकट.  शेवटी साहेबांनी हेडक्लार्कांकडून कागद घेतला आणि स्वतः मजकूर सांगितला: "या विभागाची कोणतीही चौकशी चालू नाही. तथापि सोबत जोडलेल्या यादीतील मुद्दा क्रमांक सत्तावीसकडे, तसेच मुद्दे एक ते सव्वीसकडे, गेम बनवणाऱ्यांचे लक्ष वेधण्यात येत आहे." बायकोनं यादीचं भाषांतर केलं. हेडक्लार्कांनी जावक क्रमांक टाकला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मला ताकीद मिळाली ती मिळालीच. माझ्या सेवापुस्तकात आता एक ओळ आहे: 'जावक क्रमांकाविना परराष्ट्रीय पत्रव्यवहार केल्याबद्दल.' तज्ज्ञ ती सगळ्या इमारतीला वाचून दाखवतात. मावसभावानं बाराशे परत केले, तसदीचे दोनशे ठेवून घेतले.

तीन आठवडे उत्तर नाही. काळ्या पडद्यावरची चौदा नंबर रोज संध्याकाळी सुटत होती. डॉक्टरीणबाईंनी हात तपासला, कानाच्या चार बोटं खाली होता. अजून दहा दिवस आहेत, म्हणाल्या. त्या दिवशी सासूबाईंनी ताट अर्धंच ठेवलं आणि पुन्हा स्टिअरिंग धरलं. मी तीन हजार सहाशे पाकिटात घालून ठेवले. ताठपणाला मी मान देतो, पण ऑपरेशनची मला भीती वाटत होती, आणि त्यांनाही वाटत होती. फक्त त्या ते सांगणार नव्हत्या.

दोन दिवसांनी उत्तर आलं, दुकानाकडून नाही, बनवणाऱ्यांकडून. ती काही मोठी कंपनी नव्हती. एक बहीण आणि तिचा भाऊ, गोदामाच्या वरच्या खोलीत बसून बस बनवणारे. त्यांनी लिहिलं होतं की आपल्या देशाचा भाव पाच वर्षांपूर्वी दुकानानं सुचवलेल्या हिशेबावर सोडला होता आणि नंतर कधी उघडून पाहिला नाही. लाज वाटते. आजपासून आपल्या देशात सगळ्यांसाठी किंमत अकराशे पन्नास. यादीतल्या चोवीस चुका दुरुस्त केल्या आहेत, दोन अजून समजून घेतो आहोत, खांब कुठून आला ते कुणालाच माहीत नाही. सोबत आपल्यासाठी एक गेम मोफत. आणि एक विनंती: 'आत सरका' हे आपल्याच आवाजात आम्हाला मिळेल का?

बायकोनं हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. 

"फुकटचा परत करा," शेवटी त्या म्हणाल्या. "मला पास नको. तिकीट द्या."

मी अकराशे पन्नास भरले. आयुष्यात कुठल्याही खरेदीचा मला इतका अभिमान वाटला नाही. साहेबांनीही गेम घेतला, मुलांसाठी म्हणून. ते स्वतः चालवतात आणि धावत येणाऱ्या कुणासाठीही थांबत नाहीत, असं हेडक्लार्क म्हणतात.

आवाज आमच्या स्वयंपाकघरात टेप झाला. पहिल्याच वेळेला बरोबर आला.

मुदत संपायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. मी कामावरून आलो आणि खोलीच्या दारातच उभा राहिलो. पडद्यावर दुरुस्त झालेली बस उभी होती, दार पूर्ण उघडल्यावर माणसं चढत होती. सासूबाई निघायच्या तयारीत होत्या. त्यांनी नेहमीच्या सवयीनं उजवा हात उचलला, वरचा आरसा नीट करायला. वर आरसा नव्हता, नुसतं छत होतं. पण हात गेला, कानाजवळून गेला, कानाच्या वर गेला, आणि तिथे नसलेला आरसा त्यांनी दोन बोटांनी किंचित खाली केला.

बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं. 

सासूबाईंनी त्या आरशात पाहिलं. मी त्यांना दिसलो असणार.

"दारात उभे राहू नका," त्या म्हणाल्या. "आत सरका."

त्या दिवशी मी नुसता 'अहो'ही नव्हतो, साधा प्रवासी होतो. मी आत सरकलो.